सांगून नेणं

गाडी जिथं उभी असायची तिथं सकाळी तेलाचा एक डाग तेवढा होता. उमाशंकर पोतनीस हातात पाण्याचा तांब्या धरून त्या डागापुढे उभे राहिले, आणि त्यांना आधी वाटलं ते एवढंच की आपण पुन्हा चुकीच्या जिन्यानं उतरलो. देवासच्या या कॉलनीतल्या इमारती सगळ्या एका रंगाच्या, एका उंचीच्या. धारहून मुलाकडे राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात ते परक्या घरात शिरून, चपला काढून, सोफ्यावर टेकून ‘चहा झाला का गं’ असं विचारून मोकळे झाले होते, आणि त्या घरातल्या बाईंनी बिचारीनं चहा दिलाही होता. बायकोला, मधुवंतीला, हे सांगितलं तेव्हा ती उशीत तोंड खुपसून हसली होती. हसताना पाठीत कळ जात होती तरी हसली होती. त्यांनी वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावर मुलाचा, मननचा, टॉवेल वाळत होता. बाजूला त्याची स्कूटर होती. इमारत आपलीच होती, जागा आपलीच होती, फक्त गाडी नव्हती. आणि गाडीच्या डिकीत मधुवंती होती.

म्हणजे तिच्या अस्थी होत्या. पण हा शब्द ते मनातही आणत नसत. स्मशानातून आणलेलं मडकं, तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं, दहाव्यापर्यंत घरात आणायचं नाही, बाहेर झाडाला टांगायचं, असा पोतनिसांच्या घरचा रिवाज. धारच्या घरामागं पिंपळ होता; आईच्या वेळी, वडिलांच्या वेळी त्याचीच एक फांदी ठरलेली. इथं कॉलनीत एक कडुनिंब होता, आणि मधुवंतीला कडुनिंब चालला असता, तिला सगळंच चालायचं. पण सोसायटीचे सेक्रेटरी हात जोडून म्हणाले, ‘बाबूजी, बुरा मत मानना, नीचे बच्चे खेलते हैं.’ बुरा मानण्यासारखं त्यात काही नव्हतंच. मग थोरल्या बहिणीनं, अक्कानं, निकाल दिला. अक्का धारहून आली होती ती सगळं सोवळंओवळं पदराला बांधूनच. ‘गाडीत ठेव, उमा. गाडी म्हणजे काही घर नव्हे. आणि तिचीच गाडी ती.’ रोज सकाळी मागच्या चाकापाशी पाणी ठेवायचं हेही अक्कानंच सांगितलेलं. आणखी एक सांगितलं होतं, की मडकं हलवताना बोलत राहायचं. उचललं की सांगायचं, चल, निघालो. नदी आली की सांगायचं, नदी आली. वळण आलं की सांगायचं. न सांगता नेलं तर माणूस वाटेत कुठं तरी मागं राहतो. स्मशानातून परतताना मनन गाडी चालवत होता आणि मागच्या सीटवरून अक्काचा आवाज येत होता, ‘मधू, चौक आला हो. मधू, आता कॉलनीत वळलो.’ उमाशंकरांना तेव्हा त्याची थोडी लाज वाटली होती. सिग्नलला शेजारच्या गाडीतली माणसं बघत होती.

चौकीदार फाटकापाशी दात घासत होता. विचारल्यावर चूळ भरून म्हणाला, ‘चार जणा आया था साब, अंधारा में. चाबी उणका पास थी. बोल्या, मनन भिया ने भेज्या है.’ मग उमाशंकरांच्या चेहऱ्याकडे पाहून त्यानं घाईनं जोडलं, ‘म्हने कई मालम, साब.’ त्याला खरंच काय माहीत असणार? उमाशंकरांनी तांब्यातलं पाणी त्या डागाच्या कडेला ओतलं, कारण ते वर नेणं बरं दिसलं नसतं, आणि जिना चढू लागले. चढताना त्यांच्या मनात फिरून फिरून एकच येत होतं, आणि ते चोरीचं नव्हतं, पोलिसांचं नव्हतं. तिला कुणी सांगितलं नाही. गाडी सुरू झाली, फाटकातून बाहेर पडली, कुठं डावीकडे, कुठं उजवीकडे वळली, आणि तिला कुणी काही सांगितलं नाही.

न सांगता नेणं ही गोष्ट उमाशंकरांनी जन्मभर केली नव्हती, आणि नेणं हाच त्यांचा धंदा होता. धारच्या न्यायालयात ते नाझर होते. कुणाचा हुकूमनामा झाला, पैसे आले नाहीत, की घरावर, दुकानावर, वाहनावर कुर्की, म्हणजे जप्ती, घेऊन जायचं ते नाझरानं. ते शिपायांना घेऊन जात, दारात उभे राहत, पागोटं नसे पण असल्यासारखी मान ताठ करीत, आणि कोर्टाचा कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचीत. आतून रडण्याचा आवाज येत असला तरी वाचीत. शिपाई जांभया देत. मग दोन पंच, मग यादी, मग सह्या. स्वयंपाकाची भांडी न्यायची नाहीत, अंथरूण-पांघरूण न्यायचं नाही, कारागिराची हत्यारं न्यायची नाहीत, बाईच्या गळ्यातलं न्यायचं नाही. हे कायद्यातच आहे, पण कायद्यात नसतं तरी त्यांनी नेलं नसतं. घरी येऊन ते हे सांगत. मधुवंती भाजी निवडता निवडता ऐके आणि मध्येच म्हणे, ‘ज्याचं घर चाललंय त्याला तुमचं वाचन ऐकायची सवड असते का हो?’ ते चिडत. म्हणत, ‘अगं, सांगून न्यावं लागतं. न सांगता नेणं म्हणजे चोरी. तेवढाच तर फरक आहे.’ ती म्हणे, ‘तेवढाच,’ आणि देठ बाजूला टाकी. घरातही ते फार नियमानं वागू लागले, की ती मननला डोळ्यांनी खुणावून म्हणे, गप्प बस, नाझर आलेत.

मनन उठलेला होता. पलंगाच्या कडेला बसून पायांच्या मध्ये बघत होता, आणि बाबा दारात आलेले पाहून त्यानं काही विचारलं नाही, तेव्हाच उमाशंकरांना कळलं. ज्याला माहीत नसतं तो विचारतो. अक्का देवघराशी होती म्हणून मनन हळू बोलत होता. ‘बाबा, मी बताने ही वाला था. फायनान्सवाल्यांनी नेली असेल. हप्ते थकलेत.’ गाडी कंपनीची, कंपनीनं मननला दिलेली, असं उमाशंकर आजवर समजत होते. तसं त्यांना सांगितलं गेलं होतं. कंपनीतली नोकरीच जाऊन कितीतरी दिवस झाले होते, आणि रोज सकाळी मनन इस्त्रीचा शर्ट घालून निघे तो याच गाडीतून देवास-इंदूर सवाऱ्या मारायला, हे त्यांना त्या पलंगाच्या कडेवरून आता समजत होतं. ‘आईला माहीत होतं?’ त्यांनी विचारलं. मनननं होकारार्थी मान हलवली. मग म्हणाला, ‘लोनवर आईची पण सही आहे. को-अप्लिकंट. आई म्हणाली, यांना सांगू नकोस. घरात नाझर शिरेल.’ असं म्हणताना त्याला हसू आलं आणि त्या हसण्याचंच रडणं झालं, आणि त्यानं टॉवेलसाठी हात लांब केला तर टॉवेल बाहेर वाळत होता.

उमाशंकर खुर्चीत बसले. राग यायला हवा होता आणि आलाही, पण तो कुणावर टाकायचा ते सापडेना. त्यांना इंदूरच्या त्या बसची आठवण आली. आजार तिच्या पाठीच्या कण्यात उतरला होता, इस्पितळाची पहिली फेरी होती, आणि त्यांनीच म्हटलं होतं, बसनं जाऊ, बस सरळ दारात सोडते. रस्त्यावर गतिरोधक फार. पहिल्या धक्क्याला तिनं त्यांचा दंड धरला, दुसऱ्याला पदराचा बोळा करून दातांत धरला, आणि मग सगळा रस्ता खिडकीबाहेर पाहत राहिली. दातांतून पदर सोडला तो इंदूर आल्यावर. त्यानंतरच्या फेरीला दारात ही पांढरी गाडी उभी होती. ती पुढच्या सीटवर बसली, सीट मागं कलती केली, काच खाली घेतली आणि एखाद्या संस्थानिकाच्या राणीसारखा हात बाहेर काढून म्हणाली, ‘चला हो, उशीर होतोय.’ त्यांनी विचारलं होतं, कंपनी घरच्या कामाला गाडी वापरू देते? ती म्हणाली होती, ‘देते. चांगली कंपनी आहे.’ इतकं सरळ तोंडानं म्हणाली होती. कर्जाच्या कागदांवर तिनं एवढ्या सह्या कशा केल्या असतील? पेन्शनच्या फॉर्मवर नाव लिहितानासुद्धा ती आधी कोऱ्या कागदावर गिरवून बघायची. माझ्यापासून लपवायला ती कुठं कुठं गेली, आणि मी त्या गाडीत मागं बसून रस्त्याच्या कडेची झाडं मोजत होतो, असं त्यांच्या मनात आलं आणि फार एकटं वाटलं.

धारची अल्पना वकील त्यांच्या हाताखाली शिकल्यासारखीच. नवी नवी होती तेव्हा कुर्कीचे अर्ज कसे लिहायचे ते त्यांनी सांगितलं होतं. तिला फोन केला. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, ‘काका, नोटीस धारच्या बंद घरावर पाठवून त्यांनी हात झटकलेत. ती बजावणी नव्हे. ठाण्यात खबर दिलेली नाही, अंधारात नेली, खोटं बोलून नेली. करारात हक्क असतो त्यांचा, पण हक्क म्हणजे धाड नव्हे. सोमवारी मी अर्ज लावते. गाडी परत मिळण्याची चांगली आशा आहे, वरचे सगळे दंड-बिंडही उडतील. फक्त एक करा. काही झालं तरी सरेंडरच्या कागदावर सही करू नका. ते लोक सही मागतील. स्वखुशीनं गाडी परत केली असं एकदा लिहून दिलंत की माझे हात बांधले.’ उमाशंकर म्हणाले, ‘अल्पना, दहावा उद्या आहे. नर्मदेवर, नेमावरला गुरुजी ठरलेत.’ ती म्हणाली, ‘हो ना काका, पण त्याचा याच्याशी…’ आणि मग त्यांनी डिकीचं सांगितलं. फोनमधून तिच्या मागचा कुकर ऐकू येत होता. ‘सामान वेगळं द्यावंच लागतं त्यांना,’ ती शेवटी म्हणाली, ‘यादी करून. भांडा त्यांच्याशी. पण आज शनिवार आहे, काका.’ ते ठाण्यात जाऊन आले, तिथल्या साहेबांनी पाणी दिलं, ऐकलं, म्हणाले हा दिवाणी मामला आहे. उमाशंकर हेच वाक्य लोकांना सांगत आले होते.

मग मननच्या स्कूटरवर मागं बसून ते बायपासकडे, फायनान्सवाल्यांच्या यार्डाकडे निघाले. नेमावर हे काही मधुवंतीचं ठरवलेलं ठिकाण नव्हे. तिचं माहेर निसरपूरचं. वडील नर्मदेकाठच्या देवळात पूजेला. माझं जे काही उरेल ते कोटेश्वरच्या घाटावर सोडा, असं ती तरुणपणी चेष्टेत म्हणायची. पण तो घाट धरणाच्या पाण्याखाली गेला, देऊळ गेलं, ज्या ओट्यावर उमाशंकर लग्नाआधी मुलगी पाहायला बसले होते तो ओटा गेला. पाणी चढलं त्या दिवसांत ती त्यांना घेऊन गेली होती. दोघं वरच्या रस्त्यावर उभे राहिले. तिनं बोट दाखवलं, ते तिथं आमचं परसू, आणि बोटाखाली नुसतं सपाट पाणी होतं. समजूत घालायची म्हणून उमाशंकर म्हणाले, ‘बरीच वर्षं आधीपासून सांगत होते ना पण. नोटिसा होत्या.’ ती त्यांच्याकडे वळली, आणि तिचा तो चेहरा त्यांना स्कूटरवर, वाऱ्यात डोळे बारीक करून बसलेले असताना, स्पष्ट दिसला. ‘आमच्या गावाला काय कमी सांगितलं होतं?’ ती म्हणाली होती. ‘सांगून नेलं म्हणून काय थोडं कमी नेलं?’ परतीच्या वाटेवर त्यांनी तिला मनावर गावी शहाळं पाजलं होतं, एवढंच त्यांना करता आलं.

बायपासच्या कडेला पत्र्यांचं कुंपण, आत गाड्याच गाड्या. काचांवर पांढऱ्या रंगानं आकडे घातलेले. उमाशंकर गाड्यांच्या मधून चालत होते आणि नको म्हटलं तरी नजर आत जात होती. एका गाडीत लहान मुलाची पाण्याची बाटली, एकीत देवीची चुनरी, एकीच्या आरशाला लग्नातल्या फुलांचे सुकलेले देठ अजून चिकटलेले. सकाळी कुणी तरी निघालं असेल आणि संध्याकाळी परत येऊ म्हणून या वस्तू तशाच ठेवल्या असतील. कोपऱ्यात पांढरी गाडी दिसली. मनन पुढं धावला, पण उमाशंकरांचे पाय थांबले. पुढची सीट अजून मागं कललेली होती.

यार्डाचा कारभार धवल नावाच्या तिशीतल्या माणसाकडे होता. टापटीप शर्ट, कपाळाला गंध, टेबलावर गणपती. त्यानं खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला. वाईट माणूस दिसता तर उमाशंकरांना बरं झालं असतं. ते म्हणाले, ‘गाडीत आमचं सामान आहे. आधी ते यादी करून द्या. तसा नियम आहे. मी कोर्टात नाझर होतो.’ धवलनं नमस्कार केला. ‘अरे नाजिर साहब, आप तो हमारे बुजुर्ग हुए. आपसे क्या छुपाना. डिकी हमने खोली भी नहीं, सील लगी है. ये सरेंडर का कागज है, मनन भिया साइन कर दें, उसी मिनट खोल दूँगा. नहीं तो पूरी रकम भर दो, गाड़ी ही ले जाओ.’ पूर्ण रक्कम! जे होतं नव्हतं ते मधुवंतीच्या इस्पितळात गेलं होतं. ‘आणि सही केली नाही तर?’ ‘तो फिर वो लीगलवाले जानें, सोमवार को. मेरे हाथ में नहीं है ना, साहब.’

मेरे हाथ में नहीं. हेही वाक्य त्यांचंच. मांडूला एका जीपवाल्याची जीप आणायला ते गेले होते, त्याची त्यांना आठवण झाली; आठवण कसली, तो माणूस या टेबलाशी येऊन उभाच राहिला. पर्यटकांना महाल दाखवत फिरवायचा. उमाशंकरांनी त्याला कागद वाचून दाखवला, वर स्वतःहून म्हणाले, देवाचा फोटो काढून घे, आणखी काही तुझं असेल ते घे. त्यानं फोटो काढला, नारळ काढला, म्हणाला, ‘मेहरबानी साब,’ आणि तो फोटो मांडीवर घेऊन पुलाच्या कठड्यावर बसून राहिला. किती सभ्यपणानं झालं म्हणून उमाशंकरांनी ती गोष्ट घरी दोन-तीनदा सांगितली. मधुवंतीनं एकदाच विचारलं होतं, ‘मग तो घरी कसा गेला?’ त्यांना माहीत नव्हतं. संध्याकाळ होत आली होती, डोंगर होता, ते ज्या जीपमधून आले होते ती कोर्टाच्या कामाची म्हणून तीत त्याला घेता आलं नव्हतं. कसा गेला असेल, असं ते आता, इतक्या वर्षांनी, खरोखर विचार करून पाहू लागले, आणि त्यांना तो उतरताना दिसला, फोटो छातीशी धरलेला, एकेक वळण.

‘बाबा,’ मनन म्हणाला. कागद त्याच्यापुढं होता. मी माझ्या स्वखुशीनं, कोणत्याही दबावाखाली नसताना, असं हिंदीत छापलेलं होतं. मनन त्यांच्याकडे पाहत होता, लहानपणी परीक्षेचा निकाल हातात घेऊन पाहायचा तसा. ‘अल्पनाताई म्हणाली ना, साइन नाही करायचं. गाडी गेली तर माझ्याकडे काहीच काम नाही, बाबा. आणि लोन पण सिर पर राहील. तुम्ही म्हणाल तसं.’ उमाशंकरांच्या तोंडात कायदा होता, सगळा होता, कलमासकट. न सांगता नेणं म्हणजे चोरी, आणि चोराला स्वखुशीनं दिलं असं लिहून द्यायचं नसतं. सोमवारपर्यंत थांबलं तर मुलाची भाकरी परत मिळाली असती. सोमवारपर्यंत थांबलं तर दहावा टळून गेला असता आणि ती या पत्र्यांच्या आत, आकडा घातलेल्या काचेमागं, कुठं आणलंय तेही न कळता राहिली असती. त्यांनी मननच्या हाताकडे पाहिलं. नखं त्यानं कुरतडलेली होती, आईसारखीच. ‘यांना सामानात काय आहे ते सांगतोस?’ त्यांनी त्याला विचारलं. मननला सांगता येईना.

धवल मदत व्हावी म्हणून पानं उलटत होता. ‘और ये दूसरी साइन को-अप्लिकंट की. मधुवंतीजी. माताजी हैं ना? उनको भी आना पड़ेगा, या घर भिजवा दूँ लड़के को?’ उमाशंकर म्हणाले, ‘त्या आलेल्या आहेत.’ धवलनं दाराकडे पाहिलं. ‘बाहर बैठी हैं? अरे, अंदर बुलाइए, धूप है.’ ‘डिकीत आहेत,’ उमाशंकर म्हणाले. आणि मग, त्याला मराठी कळली नसेल म्हणून, हिंदीत पुन्हा म्हणाले, ‘डिकी में हैं. आप ही लोग लाए हैं उनको. कल नर्मदाजी ले जाना है.’

धवल उभा राहिला. टेबलाखाली काढून ठेवलेल्या चपलांत पाय घालू लागला आणि मग घालता घालता थांबून तसाच अनवाणी राहिला. ‘मुझे पता होता तो…’ म्हणाला, आणि फोन घेऊन बाहेर गेला. पत्र्याच्या पलीकडून त्याचा आवाज येत होता, आधी मोठा, मग आर्जवी, मग नुसतं ‘जी सर, जी सर’. परत आला तेव्हा तो त्यांच्याकडे पाहत नव्हता. ‘ऊपर से कह रहे हैं, पहले साइन. बोले, बाद में लोग मुकर जाते हैं. माताजी की जगह आप वारिस करके कर दीजिए.’ थोड्या वेळानं त्यानं अगदी खालच्या आवाजात म्हटलं, ‘मेरी भी नौकरी है, साहब.’ उमाशंकर म्हणाले, ‘मला माहीत आहे.’ त्यांना खरंच माहीत होतं. त्यांनी पेन उघडून मननच्या हातात दिलं. ‘कर,’ म्हणाले.

मननची सही झाल्यावर कागद त्यांच्याकडे आला. वारस म्हणून सही करताना मृताचं नाव आधी पूर्ण लिहावं लागतं, आणि नावाआधी काय लिहावं लागतं हेही त्यांना ठाऊक होतं. हजारो कागदांवर त्यांनी ते लिहिलं होतं, अनोळखी माणसांच्या नावांआधी, चहाचा घोट घेता घेता. पेन टेकलं आणि तिथंच राहिलं. शाईचा ठिपका मोठा होऊ लागला. टेबलावर एक कोरा कागद होता. त्यांनी तो ओढला आणि त्यावर आधी एकदा गिरवून पाहिलं. कै. मधुवंती उमाशंकर पोतनीस. मग सरेंडरच्या कागदावर लिहिलं, अक्षर जसं यायला हवं तसं आलं, खाली सही केली. आपण तिला पहिल्यांदा गेलेली म्हटलं ते इथं, या कागदावर, हे त्यांच्या ध्यानात आलं. धवलनं पुढं केलेलं पाणी त्यांनी न पिता तसंच टेबलावर ठेवलं.

डिकी उघडली तेव्हा मडकं कोपऱ्यात कलंडलं होतं, पण स्टेपनीला अडलं होतं आणि फडक्याची गाठ धरून होती. मनन हात घालणार तोच उमाशंकरांनी त्याला बाजूला केलं. दोन्ही हात आत घातले. आजूबाजूला धवल होता, गाड्या हलवणारे दोघं-तिघं होते, ते सगळे बघत होते. ‘मधू,’ उमाशंकर मोठ्यानं म्हणाले, कोर्टाचा कागद वाचायचे तेवढ्या मोठ्यानं, ‘तुला न सांगता इथं आणलं. हे देवासचंच आहे, बायपासजवळ. आता इथून निघतोय. चल.’ धवलनं अनवाणी पायांनी फाटकापर्यंत येऊन फाटक स्वतः उघडलं. गाडीकडे मनननं एकदा वळून पाहिलं, पुढच्या सीटकडे, आणि स्कूटर सुरू केली.

घरात न्यायचं नव्हतं, झाड नव्हतं, आणि आता गाडीही नव्हती. म्हणून ते तिथूनच बस अड्ड्यावर गेले आणि अक्का पिशव्या घेऊन रिक्षानं तिथं आली. रात्री नेमावरच्या धर्मशाळेच्या ओसरीवर टेकता आलं असतं. अक्काला एव्हाना मनननं फोनवर सांगितलं होतं. तिनं गाडीचा विषय काढला नाही. भावाकडे पाहून एवढंच विचारलं, ‘तिच्याशी बोललास ना रे निघताना?’ ‘बोललो,’ ते म्हणाले. खातेगाव-नेमावरची बस लागलेली होती. मनन म्हणाला, ‘मला द्या बाबा, मी धरतो.’ शास्त्रानं धरायचं त्यानंच. उमाशंकरांनी दिलं नाही, आणि अक्कानं, जिनं आयुष्यात शास्त्राला सूट दिली नव्हती, मननला हातानं खूण करून पुढच्या सीटवर बसायला सांगितलं.

बस गावाबाहेर पडली. टेकडीवरच्या देवीचं देऊळ मागं गेलं. ‘मधू, टेकडी गेली,’ उमाशंकर सांगत होते, हळू, तिला ऐकू जाईल इतकंच. ‘मधू, आता डावीकडे वळलो.’ सांगून काय थोडं कमी नेलं, असं ती म्हणाली असती; पण दुसरं काही करायलाही त्यांच्याकडे उरलं नव्हतं. मग पहिला गतिरोधक आला. ड्रायव्हरनं वेग कमी केला नाही. बसचं पुढचं चाक चढताना कळलं आणि त्याच क्षणी उमाशंकरांनी मडकं मांडीवरून उचलून दोन्ही हातांनी अधांतरी धरलं. मागचं चाक आपटलं, धक्का त्यांच्या कमरेत गेला, डोळ्यांसमोर अंधारी आली, आणि फडक्याची गाठसुद्धा हलली नाही. ते खाली ठेवणार तेवढ्यात दुसरा आला. पुन्हा उचललं. तिकिटं फाडत कंडक्टर जवळ आला, आधी त्यांच्याकडे, मग त्या मडक्याकडे पाहून त्यानं कपाळाशी हात नेऊन नमस्कार केला. म्हणाला, ‘बाबूजी, गोद में रख लो. हाथ रह जाएँगे.’

उमाशंकर म्हणाले, ‘नहीं भिया. इनको बस के धक्के सहन नहीं होते.’

पुढं कन्नोदपर्यंत रस्ता खराब होता. त्यांनी हात खाली घेतले नाहीत.